उन्हाने उतरवलेली देवचित्रे

छायाचित्रणाचा इतिहास सांगणारी बहुतेक पुस्तके एका खिडकीपासून सुरू होतात. फ्रान्समधल्या सँ-लू-द-व्हारेन या गावी निसेफोर निएप्सने आपल्या घराच्या माडीवरून टिपलेले छपरांचे दृश्य हे कॅमेऱ्याने निसर्गावरून घेतलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने चित्र. त्याचा मान मोठा आहे आणि तो योग्यच आहे. पण १८२७ मध्ये आजारी भावाला भेटायला निएप्स लंडनजवळच्या क्यू इथे गेला, तेव्हा त्याने बरोबर नेलेला या चित्राचा धातूचा पत्रा एकटाच नव्हता. आणखी काही पत्रे होते. त्यांतल्या एकावर कार्डिनल जॉर्ज दांब्वाझ यांचे व्यक्तिचित्र होते आणि एकावर खांद्यावर क्रूस घेऊन निघालेला ख्रिस्त. ही चित्रे समोरच्या माणसाकडे किंवा देखाव्याकडे पाहून घेतलेली नव्हती. कागदावर छापलेल्या चित्रांवरून ती उन्हाने उतरवून घेतलेली होती. त्याही आधी, १८२२ मध्ये, निएप्सने काचेवर जे चित्र उतरवले ते पोप सातवे पायस यांच्या छापील चित्राचे. ती काच पुढे फुटली.

छायाचित्रणाने पहिली अक्षरे गिरवली ती अशी धर्माच्या छापील चित्रांवर. इतिहासकारांनी खिडकी उचलून धरली आणि हे पत्रे तळटिपेत टाकले, कारण नकलेला आपण मनातून कमी लेखतो. हे पुस्तक त्या तळटिपेबद्दल आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात धार्मिक छापचित्रांच्या छायाचित्रीय प्रती कशा निघाल्या, कोणी काढल्या, कोणासाठी काढल्या आणि त्यांनी पाहणाऱ्याच्या नजरेला कोणते वळण लावले, हा त्याचा विषय. या प्रतींचे दोन वारस झाले, एक अभ्यासक आणि दुसरा भाविक. अभ्यासकाची प्रत ग्रंथालयाच्या पेटीत जपली गेली, भाविकाची प्रत वापरून झिजली आणि हरवली. त्यामुळे आज हा सगळा इतिहास पहिल्या वारसाच्याच बाजूने लिहिलेला दिसतो. दुसरी बाजू पुरी करणे मला महत्त्वाचे वाटते.

निएप्सची रीत नीट समजून घेतली की बराच उलगडा होतो. त्याला वेड होते ते शिळाछपाईचे. दगडावर चित्र काढून हव्या तितक्या प्रती काढण्याची ही कला तेव्हा नवी होती. निएप्सला स्वतःला चित्र काढता येत नव्हते, म्हणून चित्रकाराचे काम उजेडाकडून करून घेता येईल का याच्या मागे तो लागला. ज्यूडियाचे डांबर म्हणून ओळखला जाणारा एक नैसर्गिक डांबरी पदार्थ लव्हेंडरच्या तेलात विरघळवून तो धातूच्या पत्र्यावर पातळ थर देई. छापील चित्राच्या कागदाला मेण किंवा व्हार्निश लावून तो कागद पारदर्शक करी, त्या थरावर ठेवी आणि सगळे उन्हात मांडी. कागदाच्या कोऱ्या भागातून ऊन आत शिरे आणि खालचे डांबर कडक होई. शाईच्या रेषेखालचे डांबर मात्र मऊच राही. काही तासांनी लव्हेंडरच्या तेलाने पत्रा धुतला की मऊ भाग निघून जाई आणि रेषेच्या जागी धातू उघडा पडे. त्या उघड्या रेषा आम्लाने खोल खायला लावल्या की छापायला ठसा तयार. पॅरिसचा कोरीवकाम करणारा कारागीर ऑग्युस्तँ-फ्राँस्वा लमेत्र याने कार्डिनलच्या पत्र्यावरून खरोखरच कागदावर छाप काढले. कार्डिनलचे मूळ चित्र सतराव्या शतकात इझाक ब्रिओने तांब्यावर कोरलेले होते. म्हणजे तांब्यावरची रेषा कागदावर आली, कागदावरून उन्हाने दुसऱ्या पत्र्यावर गेली आणि तिथून पुन्हा शाईने कागदावर परतली. या प्रवासात कुठेही कॅमेरा नाही.

छापील चित्रच का, याचे एक कारण तंत्राचे आहे. कोरीव चित्रात काळी रेषा आणि पांढरा कागद एवढेच असते. छटा भासते ती रेषा दाट किंवा विरळ केल्यामुळे. सुरुवातीच्या कोणत्याही रसायनाला मधल्या करड्या छटा नीट पेलत नव्हत्या, पण 'आहे' किंवा 'नाही' एवढे सांगता येत होते. शिवाय कागद सपाट असतो, हलत नाही, हवा तितका वेळ उन्हात पडून राहतो. दुसरे कारण घराचे आहे. त्या काळच्या फ्रेंच किंवा जर्मन घरात कागदावरची चित्रे कोणती सापडत? संतांची, पोपांची, बायबलातल्या प्रसंगांची. प्रयोग करणाऱ्याने हाताशी असलेला कागद उचलला, आणि त्या कागदावर बहुतेक वेळा धर्मच छापलेला होता.

१८३९ मध्ये पॅरिसला दगेअरच्या आणि लंडनला टॅल्बटच्या शोधाची वार्ता फुटली आणि युरोपभर हौशी माणसे मीठ व चांदीचे क्षार कागदाला चोळू लागली. त्या एका वर्षातले एक चित्र या पुस्तकात मोठ्या आकारात दिले आहे आणि वाचकाने त्याच्यापाशी थोडे थांबावे अशी माझी इच्छा आहे. जर्मनीतले योहान कार्ल एन्स्लेन तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. त्यांनी ओक वृक्षाचे एक पान आणि ख्रिस्ताच्या चेहऱ्याचे चित्र एकमेकांवर धरून एकाच कागदावर उजेडाने उमटवले. पानाच्या शिरा चेहऱ्यातून फिरतात. कपाळ कुठे संपते आणि पानाची कड कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. ख्रिस्ती परंपरेत व्हेरोनिकेच्या रुमालाची कथा आहे: क्रूस वाहून नेणाऱ्या ख्रिस्ताचा घाम तिने पुसला आणि त्याची मुद्रा कापडावर आपोआप उमटली, कोणाच्या हाताने काढली नाही. हाताविना उमटलेले चित्र ही कल्पना त्या समाजाच्या मनात शेकडो वर्षे मुरलेली होती. उजेडाने आपोआप उमटवलेली पहिली चित्रे पाहताना लोकांना काय वाटले असेल, ते एन्स्लेन यांच्या या कागदावरून मला जितके कळते तितके त्या वर्षीच्या वैज्ञानिक अहवालांवरून कळत नाही.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटचा स्वभाव वेगळा. तो अभ्यासू जमीनदार होता, गणित आणि प्राचीन लिपी यांत रमणारा. १८४४ ते १८४६ या काळात सहा भागांत निघालेल्या 'द पेन्सिल ऑफ नेचर' या त्याच्या ग्रंथात २४ छायाचित्रे आहेत. चिनी मातीची भांडी, गवताची गंजी, लेकॉक अॅबीची इमारत यांच्या जोडीला त्यात एका शिळाछाप चित्राची प्रत आहे, एका जुन्या छापील पानाची प्रत आहे आणि तेविसावे चित्र आहे 'वाळवंटातील हागार'. अब्राहमाने घराबाहेर काढलेली दासी हागार आणि तिचा तहानलेला मुलगा ही बायबलातली कथा. मूळ रेखाटन सतराव्या शतकातल्या फ्रान्चेस्को मोला या चित्रकाराचे. टॅल्बटने या प्रतींसंबंधी जे लिहिले आहे त्यात एक मुद्दा फार दूरदर्शी होता: कॅमेऱ्याने नक्कल करताना चित्राचा आकार हवा तसा लहानमोठा करता येतो. हाताने नक्कल करणाऱ्याला आकार बदलायचा म्हटले की चौकोन आखून सगळे चित्र नव्याने मांडावे लागे. इथे कॅमेरा पुढेमागे सरकवला की झाले. वेदीवरचा ख्रिस्त वीस वर्षांनी खिशातल्या पाकिटात गेला तो याच वाटेने.

टॅल्बटचा जुना नोकर निकोलास हेनेमन हा या कथेतला एक उपेक्षित माणूस. मूळचा हॉलंडचा. मालकाच्या हाताखाली तो रसायने शिकला आणि पुढे रेडिंग गावी त्याने छायाचित्रांचा कारखानाच मांडला. स्कॉटलंडचा विद्वान विल्यम स्टर्लिंग याने १८४८ मध्ये स्पॅनिश चित्रकारांचा तीन खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा सोबतचा चौथा खंड हेनेमनच्या छायाचित्रांचा होता. छायाचित्रे ६६ आणि प्रती फक्त ५०. कलेच्या इतिहासावरचे छायाचित्रांनी सजवलेले हे पहिले पुस्तक. स्पॅनिश कला म्हणजे मुख्यतः धर्माची कला: म्युरिलोच्या मेरीमाता, समाधीत बुडालेले संत, ख्रिस्ताचे दुःखभोग. पण मोठी तैलचित्रे कॅमेऱ्यापुढे आणणे अशक्य होते, म्हणून हेनेमनने अनेकदा त्यांच्यावरून केलेली छापचित्रे, रेखाटने आणि लहान नकला उघड्यावर, उन्हात मांडल्या आणि त्यांचे फोटो घेतले. हे फोटो टिकले नाहीत. फोटो पक्का करणाऱ्या हायपो या क्षाराचे अंश धुऊन पुरते निघाले नव्हते. चांदी पिवळी पडत गेली आणि बऱ्याच प्रतींत आज कागदावर फिकट तपकिरी सावलीच उरली आहे. २०१६ मध्ये माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने या पुस्तकावर प्रदर्शन भरवले. ज्या देशाची ही चित्रे, त्या देशात त्यांच्या फिकट नकलांचा असा मान झाला, याचा मला फार आनंद आहे.

तैलचित्रांचे फोटो घेण्यात आकारापेक्षाही मोठी अडचण रंगांची होती. त्या काळची रसायने निळ्या-जांभळ्या उजेडालाच जागी होत. लाल आणि पिवळ्याकडे त्यांचे जवळजवळ लक्षच नसे. आता मेरीमातेचे चित्र डोळ्यांसमोर आणा. परंपरेने तिचा झगा लाल आणि वरचे वस्त्र निळे. फोटोत निळे वस्त्र पांढरेफटक येई, लाल झगा काळा पडे आणि संतांच्या डोक्यामागचे सोनेरी तेजोवलय काळवंडून जाई. तेजाच्या जागी काळिमा! बर्लिनच्या हेर्मान विल्हेल्म फोगेल यांनी १८७३ मध्ये रंगद्रव्ये मिसळून काचेची संवेदना वाढवण्याची युक्ती शोधली, तेव्हा कुठे ही अडचण सुटायला लागली. तोवर वाट एकच होती. चित्राचा फोटो घ्यायचा नाही, चित्रावरून कोणी कुशल कारागिराने कोरलेल्या ठशाच्या छापाचा घ्यायचा. कोरणाऱ्याने रंगांचे भाषांतर आधीच काळ्या-पांढऱ्यात करून ठेवलेले असे.

म्हणून १८५० आणि १८६० च्या दशकांत जे लोक राफाएलची 'सिस्टाइन मॅडोना' पाहिली असे म्हणत, त्यांच्यापैकी फार जणांनी पाहिलेली असे ती योहान फ्रीडरिष विल्हेल्म म्युलर याच्या तांबेठशावरून आलेली. म्युलर १८१६ मध्ये वारला, त्याच वर्षी हा ठसा पुरा झाला होता. लिओनार्डोच्या 'अखेरच्या भोजना'चे तेच. मिलानच्या भिंतीवरचे मूळ चित्र खपल्या पडून विद्रूप झाले होते. जगाला ठाऊक असलेला तो प्रसंग रफाएल्लो मॉर्घेनने १८०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोरीव चित्रातला होता. चित्रावरून ठसा, ठशावरून फोटो. मधल्या कारागिराचे नाव कार्डावरून हळूहळू गळून गेले आणि लिओनार्डोचे तेवढे राहिले. मॉर्घेनच्या हाताला आपण किती काळ लिओनार्डोचा हात समजत आलो, याची नोंद कलेच्या इतिहासात आणखी ठळकपणे व्हायला हवी.

राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी १८५३ पासून राफाएलच्या प्रत्येक ज्ञात कृतीची छापील किंवा छायाचित्रीय प्रत गोळा करायला घेतली. १८६१ मध्ये ते वारले, तरी काम चालू राहिले आणि १८७६ मध्ये त्याची सूची निघाली. पाच हजारांहून अधिक नगांच्या या संग्रहात कोरीव चित्रे आणि फोटो शेजारीशेजारी बसले आहेत. राफाएलच्या 'प्रेषितांच्या कृत्यां'वरील भव्य कागदी आराखड्यांचे फोटो घेण्यासाठी चार्ल्स थर्स्टन थॉम्पसनने १८५८ मध्ये ते हॅम्प्टन कोर्टच्या आतून उचलून बाहेर उजेडात आणवले होते. थॉम्पसन मुळात लाकडी ठसे कोरणारा. छायाचित्रणाने ज्यांचा धंदा पुढे बसवला त्यांच्यातलेच किती जण आधी कॅमेऱ्यामागे जाऊन उभे राहिले, हे या पुस्तकात पुन्हा पुन्हा दिसेल.

आता या विषयातल्या सर्वांत समृद्ध भागाकडे येतो. १८५३ मध्ये बेंजामिन दलेसेर या पॅरिसच्या धनिक, हौशी छायाचित्रकाराने मार्कान्तोनियो राइमोंदी या इटालियन कोरीवकाराच्या छापचित्रांचे फोटो चरित्रासह प्रसिद्ध करायला सुरुवात केली. दलेसेरची तक्रार साधी होती. उत्तम छाप दुर्मीळ, महाग आणि युरोपभर विखुरलेले; शिकणाऱ्या चित्रकाराने ते पाहायचे कुठे? फोटोने ती सोय झाली. पण त्याने माणूस निवडला तो मात्र विलक्षण. मार्कान्तोनियोची सारी कीर्ती दुसऱ्यांची चित्रे तांब्यावर उतरवण्यात होती. राफाएलचा 'निरपराध बालकांचा संहार' युरोपला कळला तो त्याच्या ठशामुळे. त्याआधी तरुणपणी त्याने आल्ब्रेख्त ड्यूररच्या 'मेरीचे जीवन' या लाकडी ठशांच्या मालेतली चित्रे तांब्यावर नकलली होती, तीही ड्यूररच्या सहीच्या ए-डी या जोडाक्षरासकट. चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वसारीने सांगितलेली कथा अशी की अशा नकला पाहून ड्यूरर संतापला आणि थेट व्हेनिसच्या दरबारी दाद मागायला गेला. निकाल लागला तो एवढाच, की मार्कान्तोनियोने ड्यूररची खूण वापरू नये. नक्कल करू नये असे कोणी म्हटले नाही.

१५११ मध्ये ड्यूररने ही माला पुस्तकरूपाने काढली तेव्हा शेवटी त्याने दुसऱ्याच्या श्रमांवर डल्ला मारणाऱ्यांना कडक शब्दांत ताकीद दिली आणि बादशहा माक्सिमिलियनने दिलेल्या हक्काचा हवाला दिला. त्या ताकिदीनंतर साडेतीनशे वर्षांनी पॅरिसच्या छायाचित्रकार बिसाँ बंधूंनी ड्यूररची चित्रे फोटोने उतरवली, आणि दलेसेरने ड्यूररच्या नकलाकाराची. मूळ चित्रकार आणि त्याचा 'चोर' दोघेही एकाच यंत्रापुढे आले. प्रथमच असे झाले की ड्यूररचा लाकडी ठसा आणि मार्कान्तोनियोचा तांबेठसा यांच्या सारख्याच तंत्राने काढलेल्या प्रती एका टेबलावर शेजारी ठेवता येऊ लागल्या. लाकडातली जाड, श्वास घेणारी रेषा आणि तांब्यातली बारीक, आवळलेली रेषा यांतला फरक फोटोतही लपत नाही. मार्कान्तोनियोची मेरी थोडी थंड, थोडी संगमरवरी झाली आहे. ड्यूररच्या चित्रातल्या घरात लाकडाच्या ढलप्या आणि सुताराची हत्यारे आहेत आणि तिथे काम चाललेले आपल्याला ऐकू येते. कलेचा इतिहास ही तुलनेची विद्या होण्यात अशा प्रतींचा वाटा किती मोठा आहे, ते या एका जोडीवरून दिसते.

ड्यूररच्याच 'छोट्या दुःखभोग' मालेच्या ३७ लाकडी ठशांपैकी ३५ ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्या धातूत ओतलेल्या प्रतिरूपांवरून हेन्री कोलने १८४४ मध्ये ती माला छापली होती. ही रीत फोटोहून अधिक अचूक म्हणता येईल, पण त्यासाठी ठसा हाती असावा लागतो. फोटोला छापलेला एक कागद पुरतो.

रेम्ब्रांट मात्र फोटोला दाद देत नाही, आणि बिसाँ बंधूंचा दुसरा मोठा उद्योग तिथेच अडखळला. १८५३ पासून कलासमीक्षक शार्ल ब्लांच्या विवेचनासह त्यांनी रेम्ब्रांटच्या आम्लरेखनांचे फोटो प्रसिद्ध केले. आजारी, लुळे-पांगळे लोक ख्रिस्ताभोवती गोळा झाले आहेत ते चित्र 'शंभर गिल्डरांचे चित्र' म्हणून ओळखले जाते. त्यात उजवीकडचा अंधार मखमलीसारखा आहे. तो अंधार येतो सुईने तांबे ओरखडताना कडेला उठलेल्या बारीक कंगोऱ्यात शाई अडकल्यामुळे. कंगोरा पहिल्या काही छापांतच झिजतो, म्हणून या चित्राचा प्रत्येक छाप दुसऱ्याहून वेगळा. फोटोत अंधार सपाट होतो. माणसे अंधारातून बाहेर येत नाहीत, अंधारावर चिकटवल्यासारखी दिसतात. पण प्रत निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. रेम्ब्रांटने एकाच ठशाचे वेगवेगळ्या टप्प्यांवर काढलेले छाप वेगवेगळ्या शहरांत पडलेले होते. ते एकत्र पाहून टप्पे लावता आले ते अशाच फोटोंमुळे.

चांदीवरचे फोटो फिके पडतात ही धास्ती तेव्हा सगळ्यांनाच होती. १८५५ मध्ये लंडनच्या छायाचित्रण संस्थेने या प्रश्नावर समिती नेमली. फ्रान्समध्ये ड्यूक द ल्युइन यांनी फोटो छपाईच्या शाईने छापता येईल अशा रीतीसाठी बक्षीस लावले आणि ते १८६७ मध्ये आल्फोन्स प्वातव्हँ यांना मिळाले. जिलेटिनमध्ये बायक्रोमेट मिसळले की उजेड लागलेला भाग पाणी धरत नाही आणि शाई धरतो, हे तत्त्व त्यांनी १८५५ मध्येच हाती घेतले होते. निएप्सने जिथे सुरुवात केली होती तिथे, म्हणजे ठशावर आणि शाईवर, सगळे परत आले. लमेत्र तर पुढे निएप्सच्याच नात्यातल्या निएप्स द सँ-व्हिक्तोरबरोबर १८५३ मध्ये पुन्हा याच कामाला लागलेला दिसतो, या वेळी पोलादी पत्रा घेऊन.

या वाटेचा शेवटचा मोठा कारागीर शार्ल आमाँ-द्युराँ. १८७० आणि १८८० च्या दशकांत त्याने ड्यूरर, मान्तेन्या, शोनगाउअर, रेम्ब्रांट यांची छापचित्रे फोटोच्या साहाय्याने तांब्यावर उतरवली, हाताने सुधारली आणि जुन्या रीतीने दाबयंत्रावर छापली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या छापचित्रांचे जाणकार जॉर्ज द्युप्लेसी यांनी विवेचन लिहिले. या छापांना बोट लावून पाहिले तर शाईची रेषा किंचित वर आलेली लागते आणि पत्र्याच्या कडेचा दाब कागदात खोल उमटलेला असतो, अगदी मूळ छापासारखा. पाठीमागे तांबडा लहान शिक्का असतो. शिक्का खरवडून किंवा पाठीला कागद चिकटवून हे छाप मूळ म्हणून विकले जातात, त्यामुळे पाहणाऱ्याने कागद उजेडासमोर धरून त्याची वीण आणि जलचिन्ह आधी तपासावे. आमाँ-द्युराँने फसवण्यासाठी काहीच केले नव्हते. शिक्का त्याने स्वतःच मारला होता.

इंग्लंडमध्ये हेच काम संस्थांनी उचलले. मँचेस्टरच्या होल्बाइन सोसायटीने १८६९ मध्ये होल्बाइनच्या 'मृत्युनृत्या'ची आणि जुन्या करारावरच्या चित्रांची फोटो-शिळाछाप पुनर्मुद्रणे काढली. साउदॅम्प्टनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशे करणाऱ्या सरकारी खात्याने जस्ताच्या पत्र्यावर फोटो उतरवण्याची रीत बसवली होती. त्या खात्याने आधी डूम्सडे बुक आणि मग १८७० मध्ये चर्चच्या प्रार्थनाग्रंथाची हस्तलिखित दुरुस्त्यांसह असलेली प्रत जशीच्या तशी छापली. याच रीतीची सरकारी फोटोझिंकोग्राफिक कचेरी आपल्याकडे पुण्यातही होती. तिथे छापले जात ते मुख्यतः नकाशे.

आता भाविकाकडे. १८५४ मध्ये पॅरिसचा छायाचित्रकार दिस्देरी याने एका काचेवर अनेक लहान फोटो घेण्याचे पेटंट घेतले आणि साधारण सहा बाय नऊ सेंटिमीटरची कार्डे स्वस्त झाली. माणसांच्या फोटोंबरोबर त्याच आकाराच्या पुठ्ठ्यावर धार्मिक छापचित्रांचे फोटोही चिकटवून विकायला आले. पॅरिसच्या सँ-स्युल्पिस चर्चभोवतीची धार्मिक वस्तूंची दुकाने, तीर्थक्षेत्रांच्या वाटा, प्रथम कम्युनियनचे समारंभ इथे ती खपत. सिस्टाइन मॅडोनाच्या तळाशी कठड्यावर हनुवटी टेकून बसलेले दोन बालदूत चित्रातून सुटून स्वतंत्र कार्डावर आले, आणि आज फार लोकांना ते कुठल्या चित्रातले हेही ठाऊक नसते. अशा कार्डांत छपाईचा दर्जा बहुधा बेताचाच. फोटोचा फोटो, त्याचाही फोटो, असे करत रेषा विरत गेलेल्या असतात. पण मागे पेन्सिलीने लिहिलेली तारीख, टाचणीचे भोक, प्रार्थनापुस्तकात राहून पडलेली घडी, मेणाचा थेंब असे काहीतरी त्यांवर सापडते आणि त्याला दर्जाचा निकष लावून काहीच कळत नाही. अभ्यासकाला मूळच्या जवळ जायचे असते. भाविकाला चित्र जवळ ठेवायचे असते. एकाच रसायनाने दोघांचीही गरज भागवली. कलेच्या इतिहासाने दुसऱ्याला 'बाजारू' म्हणून बाहेर ठेवले, हे मला मान्य नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी मळवलीच्या रविवर्मा छापखान्याची आठवण होईल, आणि ती योग्य आहे. १८८४ मध्ये माजी दिवाण टी. माधवराव यांनी राजा रविवर्म्यांना सुचवले होते की निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रांसारखे दिसणारे रंगीत छाप, करून घ्यावेत. बडोद्याच्या सयाजीरावांसाठी काढलेली १४ पौराणिक चित्रे मुंबईत प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा त्यांच्या फोटोंनाही मोठी मागणी आली. १८९४ मध्ये गिरगावात रविवर्मा छापखाना उघडला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वती आजही किती घरांच्या देवघरात आहे! या छापखान्यासाठी फोटो-शिळाछपाईचे काम दादासाहेब फाळके यांनी केले होते, आणि १९१० मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांना कृष्ण पडद्यावर आणावासा वाटला. पण मळवलीची कहाणी वेगळ्या मुळांची आहे. तिथे रंग होता, दगड होते, जर्मन तंत्रज्ञ होते आणि मूळ चित्रच अनेकदा छापण्यासाठी तयार केलेले असे. तिच्यावर मराठीत आणि इंग्रजीत चांगले लेखन झाले आहे, म्हणून या पुस्तकात ती फक्त शेवटच्या प्रकरणात, युरोपातल्या प्रतींशी तुलनेपुरती येते.

चित्रांच्या मांडणीबद्दल दोन शब्द. प्रत्येक ठिकाणी आधी मूळ छापचित्र आणि समोरच्या पानावर त्याची छायाचित्रीय प्रत, दोन्ही शक्य तिथे खऱ्या आकारात दिली आहेत. फिकटपणा, डाग, फाटलेल्या कडा दुरुस्त केलेल्या नाहीत. भाविकांची कार्डे वेगळ्या विभागात न टाकता ज्या ठशावरून ती निघाली त्या ठशाशेजारी ठेवली आहेत, म्हणून मॉर्घेनचे 'अखेरचे भोजन' आणि त्यावरून काढलेले, कडा दुमडलेले कार्ड एकाच जोडपानावर दिसतील. वाचकाने जवळ भिंग ठेवावे. अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरच्या मूळ अल्ब्युमेन फोटोत भिंगाखाली रेषा कागदाच्या तंतूंवर अलगद पसरलेली दिसते, आमाँ-द्युराँच्या छापात शाईचा उंचवटा दिसतो. या पुस्तकाच्या पानावर मात्र ऑफसेट छपाईचे ठिपके तेवढे दिसतील. तो फरक पाहायचा तर मूळ प्रतींकडेच जावे लागेल, आणि कोणती प्रत कोणत्या संग्रहात आहे ते प्रत्येक चित्राखाली दिले आहे.